तफावत

एकतीस वर्षं मी काटे तपासले.
मार्केट यार्डातले, सराफांच्या काचेतले,
दूध डेअरीची मापं, रॉकेलवाल्याची चेपलेली पत्र्याची लिटरं.
पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप उभं करून
रेघेला डोळा टेकवायचो.
ठरल्यापेक्षा कमी भरलं
की मशीन बंद. चहासुद्धा घेतला नाही कुणाचा.

आणि निवृत्तीनंतर माझ्याच दारात
ही जुनी सँट्रो, जिचा काटा
तोंडावर खोटं बोलतो.
टाकी भरली की शंभर किलोमीटर
व्याह्यासारखा वरच्या पाटावर बसून राहतो.
अर्ध्याखाली आला
की शाळा सुटते.

इलाही मुजावर म्हणाला, साहेब,
आत एक डबी तरंगते, तिला दांडी,
दांडी सांगेल तेवढंच ह्याला कळतं.
आणि कोरडी चालवू नका, पंप जळतो.
पुस्तिका उघडली. त्यात लिहिलं होतं:
दिवा लागल्यास लगेच इंधन भरावे.
लगेच.
हे कुठल्या कायद्यातलं एकक?

म्हणून एका मंगळवारी पोवई नाक्यावर दिवा लागला
तेव्हा आकडा डायरीत उतरवला.
डिकीत भरलेला कॅन होता.
कुमुदला म्हणालो, पुसेगावला जाऊन येऊ,
महाराजांचं दर्शन होईल.
ती काही बोलली नाही. पर्स घेतली, थर्मास घेतला.

माहुलीचा पूल गेला. कोरेगाव गेलं.
वर्धनगडचा घाट लागला
आणि चढाला दिवा विझला.
टाकीत तेवढं पेट्रोल सरकलं, बाकी काही नाही.
हे मला ठाऊक होतं.
तरी बरं वाटलं,
मला, ज्यानं सख्ख्या मेव्हण्याचा तराजू जप्त केला होता.
पलीकडे उतरताना पुन्हा पेटला.

दर्शन झालं. परतताना ती म्हणाली,
गॅसच्या टाकीला कुठं असतो काटा?
मी हलवून बघते.
ज्योत पिवळी पडली की दोन दिवस.
डाळीच्या डब्यावर बोट वाजवलं
की महिनाअखेर किती लांब ते कळायचं.
मी विचारलं, आणि तफावत?
एखाद-दुसरा दिवस, ती म्हणाली,
तुमचे साहेब जेवायला आले तर जास्त.

त्रिपुटीच्या अलीकडे गाडी खोकली.
दोनदा. मग नुसती चाकं चालली,
मग तीही नाहीत.
बाजूला घेवड्याचं रान, एक बाई खुरपताना उठून बघायला लागली.
एकसष्ट पूर्णांक चार.
मी आकडा लिहीत होतो तोवर
कुमुद उतरून डिकीपाशी उभी.
काढा तो कॅन, म्हणाली,
नाक्यापासून डुचमळतोय.

पाच लिटर ओतलं. स्वतः मोजलेलं पाच.
चावी फिरवली, काटा ढिम्म.
गाडीनं दोनदा नकार दिला, तिसऱ्यांदा घेतलं,
मग काटा जरासा उठला,
झोपमोड झालेल्या वॉचमनसारखा.
घरी येऊन शेरा लिहिला:
नमुना एक. माणसं दोन, घाट एक, वारा समोरून.
प्रमाणित करता येत नाही.

पुढच्या आठवड्यात दिवा पुन्हा लागला.
एकसष्ट माहीत होतं.
पुसेगाव गाठून त्रिपुटीपर्यंत परत येता आलं असतं.
चौथ्या मिनिटाला पंपावर वळलो.
कुमुद हसली नाही, खिडकीतून बाहेर बघत राहिली,
म्हणजे हसलीच.

पोरानं नळी लावली, म्हणाला,
काका, शून्य बघा.

बघतोय, म्हटलं.
सावकाश भर.